विहिरीवरचा आठवा दगड

चंपतराव मोहुर्ले समुद्राच्या गावाला जाऊन आले, पण समुद्र काही त्यांनी पाहिला नाही. गावातलं कोणी विचारलंच तर "दुरून दिसला" असं सांगून ते मोकळे होतात. खरं म्हणजे दुरूनही दिसला नव्हता. दवाखान्याच्या ज्या खिडकीशी त्यांना बसवलं होतं, तिच्यातून पाण्याची एक टाकी आणि टाकीवर बसलेले बगळ्यासारखे पांढरे पक्षी दिसत होते. ते पक्षी समुद्राचे असावेत. एवढाच त्यांचा आणि समुद्राचा संबंध आला. मग कुठे कुठे दस्तखत झाले, लेकीला गाडीत ठेवलं, आणि ते परत निघाले. गुजरातेपासून तेलंगणातल्या बाजारहत्नूरपर्यंतचा सगळा रस्ता ते ड्रायव्हरच्या शेजारी बसून होते. ड्रायव्हरनं तुमच्याकडे कापूस कसा येतो असं विचारलं, तेव्हा ते बोंडअळीबद्दल बराच वेळ बोलले. नीट, समजेल असं बोलले.

दीपमाला त्यांची एकुलती एक लेक. तापानं गेली.

चंपतराव माळी माणूस. बाजारहत्नूरच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचा मळा आहे. वांगी, टमाटे, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, जे निघेल ते बोथच्या नाही तर इच्चोड्याच्या बाजारात न्यायचं, असा जन्म गेला. मळ्यात विहीर, विहिरीशेजारी घर. घरात ते, मथुराबाई आणि सुट्टीत आली तर लेक. लेक शिकायची म्हणाली, शिकू दिलं. इंटर झालं, डिग्री झाली, हैदराबाद झालं, आणि मग एक दिवस तिनं सांगितलं की गुजरातच्या एका संस्थेत प्रवाळावर संशोधन करायला जायचं आहे.

"म्हंजे काय?" चंपतरावांनी विचारलं होतं.

"पोवळं माहीत हाय न बाबा? त्याच्याच नात्यातलं. पन हे दागिन्यातलं नाही. हे समुद्रात भिंत बांधते."

"गवंडी हाय म्हन."

"हो बाबा," ती खूप हसली होती. "गवंडीच."

तिकडे समुद्राला ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलात ही प्रवाळं दिसतात. दीपमाला जुने बूट घालून त्यात चालत जायची. चिखलात चालायची सवय तिला लहानपणापासून होती, त्यामुळे शहरातल्या पोरी रुतायच्या आणि ही पुढे निघून जायची. फोनवर ती हे सगळं बापाला सांगायची. मथुराबाई शेजारी बसून शेंगा सोलत असायच्या. त्यांच्याशी ती जेवलीस का, पाय दुखतात का, एवढंच बोलायची. बाकीचं बापाशी.

चंपतरावांना त्यातलं जे समजलं ते असं. प्रवाळाचा जीव मसुरीच्या डाळीएवढा असतो, कधी थोडा मोठा. तो आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो आणि तिच्यात बसतो. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे हजारो मिळून दगडासारखा गोळा होतो. कोणता गोळा कोणत्या जातीचा, हे ठरवायचं तिचं काम. पण रंगावरून ठरवता येत नाही, आकारावरूनही नाही. एकच जात नितळ पाण्यात एक रूप घेते, गढूळ पाण्यात दुसरं.

"वांग्यासारखं," चंपतराव म्हणाले होते. "काळ्या मातीत एक, मुरमात एक. बी तेच."

"तसंच बाबा. म्हनून वाटीच पाहा लागते. वाटीत पडदे कसे हायेत ते. आन् दोन वाट्यांच्या मंधात धुरा एकच हाय का दोन, ते."

धुरा म्हणजे शेताचा बांध. दोन शेजाऱ्यांमध्ये एकच सामाईक धुरा असतो, नाही तर दोघांचे दोन वेगळे धुरे आणि मधे पाण्याची नाली. काही प्रवाळांत दोन वाट्या एकाच भिंतीला टेकून असतात, काहींत प्रत्येकाची भिंत वेगळी आणि मधे बारीक नाली. जात ठरवायची तर आधी हे पाहायचं. चंपतरावांना हे पटकन कळलं, कारण त्यांचं आणि शेजारच्या रामाजीचं अर्धं आयुष्य धुऱ्यावरून भांडण्यात गेलं होतं. त्यांनी ते रामाजीला सांगितलं, तर रामाजी धुऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "चंपत, तुह्या पोरीले मंडल ऑफिसात लाव न बाप्पा. समुद्रातले धुरे मोजून काय करते ते? आपला मोजून दे म्हना, मोजनीदार तीन वर्षांपासून येऊनच राह्यला."

शेवटच्या धड फोनमध्येही हेच बोलणं झालं होतं. त्यानंतरचे फोन तापातले होते, ते धरायचे नाहीत.

"बाबा, एक दगड लय छळून राह्यला मले," दीपमाला म्हणाली होती. "एका बाजूनं पाह्यलं तर धुरा एकच दिसते. दुसऱ्या बाजूनं दोन, मंधात नाली. असं कोठीच लिहिलं नाही. संस्थेतली मॅडम म्हनते, जुनीच जात असन. माह्यं म्हननं, नवीन हाय."

"मंग कसं ठरवाचं?"

"कापून पाहा लागन. आतला धुरा खोटं बोलत नाही."

"काप मंग."

"कापवत नाही बाबा. एकच तुकडा हाय. पहिले कोलकात्याच्या संग्रहालयात नेऊन जुन्या नमुन्यांच्या बाजूले ठेवून पाह्यते. नाहीच जमलं, तर मंग कापू."

कोलकात्याला जायचं म्हणून तिनं तो दगड आपल्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता. मग ताप आला.

ती ट्रंक पुढे पार्सलनं घरी आली. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीनं जे दिसलं ते सगळं भरून पाठवलं होतं. मथुराबाईंनी कपडे काढले, घड्या पुन्हा घातल्या, आणि तळाची ओढणी उलगडली तर आत लहान पपईएवढा पांढरा दगड. अंगभर फुलांचे शिक्के मारल्यासारखा.

"हे काय व्हय?"

"तिचा दगड," चंपतराव म्हणाले.

"कोठचा?"

"समुद्रातला. पान्यातला हाय."

एवढंच बोलणं झालं. लेक गेल्यापासून मथुराबाई चार घासांवर उठायच्या आणि बोलायच्या त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी चंपतराव मोटार चालू करायला विहिरीवर गेले, तर तो दगड तिथे होता.

विहिरीच्या कठड्याखाली निंबाच्या सावलीत साती आसरा आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या बहिणी. सात गोल दगड ओळीनं मांडलेले, चंपतरावांच्या आजानं विहीर खोदली तेव्हापासूनचे. बायका त्यांना शेंदूर लावतात, लिंबू ठेवतात. लग्न न होता गेलेली पोर आसरांत जाते असं इकडच्या बायका मानतात. पुरुष त्यावर बोलत नाहीत. मथुराबाईंनी तो पाण्यातला दगड त्या सातांच्या ओळीत शेवटी बसवला होता आणि त्याला शेंदूर लावला होता. शेंदूर कालवला होता जवसाच्या तेलात. त्यांच्या माहेरी तसंच करतात, जवसाच्या तेलातला शेंदूर उन्हापावसात सुटत नाही. पुढे दर अवसेला त्या एक हात देत गेल्या. फुलांचे शिक्के दिसेनासे झाले. आठही दगड सारखे लाल झाले.

त्या दिवसापासून मथुराबाई पोटभर जेवायला लागल्या. चंपतरावांनी ते पाहिलं आणि दगडाचं नाव काढलं नाही.

त्यांचं स्वतःचं म्हणाल तर त्यांना काही होत नव्हतं. रडू आलं नाही. तेरवीच्या जेवणात रामाजीनं वाढप्याची काही थट्टा केली, तिला ते हसले, आणि लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मळ्यात कुदळ पायावर लागली तेव्हा रक्त चपलेत चिकट झाल्यावर कळलं. जेवण झालं की ताट कोणी उचललं तेही त्यांना आठवत नसे. बाजारात मात्र त्यांचं चुकत नव्हतं. वांगी निवडून, किडकी बाजूला काढून, सांबाराच्या जुड्यांवर पाणी मारून ते नेहमीच्या जागी बसायचे. आत कोणीतरी खोली झाडून कुलूप लावून गेल्यासारखं होतं. कुलूप बाहेरून होतं की आतून, हेही त्यांनी कधी पाहिलं नाही.

माघात एक फोन आला. धम्मदीप नावाचा पोरगा बोलत होता. तो दीपमालाबरोबर त्याच संस्थेत काम करायचा, आणि तिचं अर्धवट काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"काकाजी, तिचे फोटो हायेत, मोजमाप हाय, सगळं हाय. पन नमुना नाही. आमी सगळी प्रयोगशाळा पालथी घातली. नमुना नसला तर जात नवीन का जुनी, काईच ठरवता येत नाही."

"पांढरा दगड?"

"हो! तुमच्याकडे हाय?"

"हाय," चंपतराव म्हणाले. पुढचं सांगावं की नाही हे त्यांना सुचलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

धम्मदीप इच्चोड्याला उतरला. चंपतराव त्याला मोपेडवर घेऊन आले. किडकिडीत, चष्मा लावलेला, तिशीचा. मूळचा मंचेरियलचा. बाप कोळशाच्या खाणीत होता. घरची बोली अशीच, त्यामुळे ओळख करून घ्यायला वेळ लागला नाही. घरात न शिरता चंपतराव त्याला सरळ विहिरीवर घेऊन गेले आणि ओळीतल्या शेवटच्या दगडाकडे बोट दाखवून उभे राहिले.

धम्मदीप आधी हसला. त्याला थट्टा वाटली असावी. मग तो खाली बसला, खिशातून छोटं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि हात न लावता बराच वेळ बघत राहिला.

"काकाजी, तेल कोनतं होतं?"

"जवसाचं."

"रंगात घालतात तेच." त्यानं भिंग खाली केलं. "रंगारीबी इतका पक्का हात देत नाही. वाट्या सगळ्या भरल्या. शेंदूर सुटाले औषध लावलं, तर त्याच्यासंगं वाटीतले पडदेबी जातीन."

"म्हंजे आता काई दिसत नाही?"

"वरून नाही. कापला तर आतून दिसन."

मागे मथुराबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं.

"कोन व्हय हे?"

"दीपीच्या तिकडचा हाय. दगडासाठी आला."

"दगडासाठी आला?" मथुराबाई म्हणाल्या. "एवढ्या दुरून? ते होती तवा तं नाही आला कोनी."

धम्मदीप उठून उभा राहिला. "होतो काकू. दवाखान्यातच होतो. दोनदा रक्त घेतलं माह्यं."

चंपतरावांना तेव्हा आठवलं. त्या खिडकीच्या समोरच्या बाकावर कोपरात कापूस धरून कोणी बसलेलं होतं. आपण त्याला विचारलं होतं की नळाचं पाणी पिण्याचं आहे का. त्यानं उठून बाटली आणून दिली होती. चेहरा मात्र आठवला नाही.

मथुराबाईंनी तांब्यातलं पाणी आसरांवर घातलं, आठही दगडांवर सारखं. मग म्हणाल्या, "जेवून घे, बाबू. वांग्याची भाजी हाय."

जेवताना त्यानं सगळं सांगितलं, मथुराबाईंना समजेल असं. करवतीनं एक चकती काढावी लागेल. ती घासून भिंगाखाली पाहायची. मग दोन वाट्यांच्या मधली भिंत खरी कशी आहे ते कळेल, आणि त्यावरून जात.

"खंडित झाल्यावर मंग?" मथुराबाईंनी विचारलं.

"म्हंजे?"

"फुटलेलं पुजता येत नाही. मंग कोठी जाते ते?"

"तिकडंच राहीन काकू. संग्रहालयात. कपाटात, बाकीच्यांसंगं."

"वापस नाही येत?"

चंपतराव त्या पोराकडे पाहत होते. येईल म्हणाला असता तर चाललं असतं. कोण जाऊन पाहणार होतं?

"नाही येत," धम्मदीप म्हणाला. "तसंबी, काकू, हे घरी ठेवाची परवानगी नसते. कायद्यात हे वाघाच्या पंगतीले हाय. पन मी कायदा दाखवाले नाही आलो."

"मंग नाही," मथुराबाई म्हणाल्या. "बसवलेलं उठवत नाहीत." आणि भाकर वाढून आत गेल्या.

उद्या सकाळच्या बसनं जातो, एवढंच धम्मदीप म्हणाला. दुपारभर तो मळ्यात हिंडला, रामाजीच्या धुऱ्यावर जाऊन बसला. रामाजीनं त्याला धुऱ्याचं सगळं प्रकरण ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "तूच सांग बाबू, तू शिकेल हाय. कोन सरकला, मी का चंपत?" धम्मदीप म्हणाला, "कापून पाहा लागन, काका." रामाजी हसत हसत घरापर्यंत सांगायला आला.

चंपतराव हसले नाहीत. ते वांग्याच्या ओळीत उभे होते आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. धुरा एक की दोन? लेकीचा आवाज त्यांना आठवत नव्हता. चेहरा आठवायचा तो फोटोतला. पण तो प्रश्न मात्र जसाच्या तसा होता, आणि तिनं तो कोणाला विचारला होता तर त्यांना. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटत होतं. नेमकं तेच मागितलं, तर मथुराबाईंचं जेवण पुन्हा चार घासांवर येणार होतं. ते हेही जाणून होते.

दिवेलागणीला मथुराबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. चंपतराव उंबऱ्याशी बसले.

"अवं."

"काय?"

"तिले कापवत नवतं."

मथुराबाईंचा हात थांबला. चंपतरावांनी त्या शेवटच्या फोनमधलं बोलणं सांगितलं. एका बाजूनं एक दिसतो, दुसऱ्या बाजूनं दोन, मॅडम काय म्हणाली, ती काय म्हणाली, कोलकाता. सांगायला फार वेळ लागला नाही.

"हे मले काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलं नाही."

"मी कशी इचारू? मले काय समजते त्यातलं? ते तुमालेच सांगे सारं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "आन् तिनंच नाही कापला, तं आपन काऊन कापाचा? तिचं मन नवतं न?"

चंपतराव तव्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले पाहाचं हाय."

आपणच हे बोललो याचं त्यांना नवल वाटलं. मथुराबाईंनाही वाटलं असावं. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत असं सरळ पाहिलं नव्हतं.

"तुमाले?"

"हो. एक हाय का दोन, ते."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती मथुराबाईंनी उलटली.

"तुमाले एक सांगू? दिवाळीनंतर मी चहात मीठ टाकलं होतं. साखर नाही, मीठ. मुद्दाम."

"कवा?"

"दोन खेप. पाहाले, की हे मानूस काई म्हनते का. तुमी पेऊन घेतला. कप धुवाले ठेवला आन् बाजारात गेले." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मले वाटलं, लेक तं गेलीच, हेबी गेले. नुसतं आंग घरी राह्यलं."

चंपतराव आठवायचा प्रयत्न करत राहिले. खारट चहा काही त्यांना आठवला नाही.

तिघं जेवले, भाकरी एका बाजूनं करपलेली होती, तीही चंपतरावांनी खाल्ली.

सकाळी धम्मदीप पिशवी भरून निघायच्या तयारीत होता, तेव्हा मथुराबाईंनी त्याला विहिरीवर हाक मारली. त्यांनी आंघोळ केली होती. आठवा दगड ओळीतून काढून मांडीवर घेतला होता. त्याच्या बुडाला शेंदूर नव्हता, बसवलेल्या दगडाच्या बुडाला कोणी लावत नाही. तिथे मातीनं माखलेल्या झिजक्या वाट्या होत्या.

"ते काच दे इकडं," त्या म्हणाल्या. "मले पाहू दे."

धम्मदीपनं भिंग डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलं. मथुराबाई खूप वेळ पाहत राहिल्या.

"मोहोळावानी हाय."

"हो काकू."

"यात जीव होते?"

"एकेका वाटीत एकेक."

"मंग ते तिनं मारले?"

धम्मदीपनं चंपतरावांकडे पाहिलं, पण उत्तर स्वतःच दिलं. "नमुना घ्याचा म्हंजे तेवढे मरतात. म्हनून तिनं एकच तुकडा घेतला."

"घरी कोंबडं कापलं तं दीपी शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसे," मथुराबाई म्हणाल्या. "म्हनूनच हे कापवत नसन तिले." आणि त्यांनी भिंग परत दिलं.

मग त्यांनी ओढणी पसरली, दगड ज्या ओढणीतून आला होता तीच. दगड तिच्यावर ठेवला, हळदकुंकू लावलं, मूठभर तांदूळ, एक खोबऱ्याची वाटी आणि मळ्यातलं एक वांगं घातलं. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात तशी. वांगं ओटीत कोणी घालत नाही. मथुराबाईंनी गाठ मारली आणि ते गाठोडं धम्मदीपच्या नाही, चंपतरावांच्या हातात दिलं.

"तुमी पोचवून या. मी नाही येत."

बस इच्चोड्याहून होती. चंपतरावांकडून गाठोडं घेऊन धम्मदीप मागच्या सीटवर बसायला निघाला, तर कंडक्टरनं तेलुगूत विचारलं, हे काय आहे? गाठीतून शेंदूर दिसत होता. "देवुडु," धम्मदीप म्हणाला. देव आहे. कंडक्टरनं लगेच पुढची बाई उठवून त्याला दाराजवळची जागा दिली. चंपतराव खिडकीखाली उभे होते. बस हलली तेव्हा धम्मदीप म्हणाला, "कापला की फोन करतो, काकाजी." त्यांनी मान हलवली. बस गेली. आता काहीतरी वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण काही वाटलं नाही. मोपेडमध्ये पेट्रोल टाकलं, बाजारातून सुतळी घेतली आणि ते घरी आले.

विहिरीवर सात दगड होते. आठव्याच्या जागी जमिनीवर लाल कडं राहिलं होतं. मथुराबाईंनी ते पुसलं नाही. त्या जेवत होत्या. चंपतराव रोज नकळत त्यांच्या ताटाकडे पाहायचे. चार घासांपेक्षा जास्त होतं.

होळीच्या आसपास फोन आला. चंपतराव वांगी तोडत होते, रामाजी धुऱ्यावर विळ्याला धार लावत बसला होता.

"काकाजी, काल कापला."

"मंग?"

"एकच हाय."

"काय एकच?"

"धुरा. वरून जिथं दोन दिसत होते, तिथंबी आत एकच हाय. पानी गढूळ, गाळ बसत गेला, म्हनून वरून नाली पडलेली दिसे. कोलकात्याच्या जुन्या नमुन्यासंगं लावून पाह्यलं. जात जुनीच हाय, काकाजी. फार पहिले नाव ठेवलेली."

"म्हंजे मॅडम बरोबर होती."

"हो."

"आन् दीपी चुकली."

"चुकली, काकाजी."

चंपतराव वांग्याच्या झाडाकडे पाहत राहिले. देठाचा काटा बोटात गेला होता. तो त्यांनी दातानं काढला.

"गढूळ पान्यात ही जात अशी दिसते, हे आजवर कोनी लिहिलं नवतं," धम्मदीप सांगत होता. "ते तिच्या नावानं लिहून राह्यलो. आन् कपाटात चिठ्ठीवर गोळा करनारी म्हनून तिचंच नाव हाय. पूर्ण नाव टाकलं, तुमचंबी येते त्यात."

"बरं," चंपतराव म्हणाले. "बरं केलं, बाबू. जेवत जाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हने?" रामाजीनं विचारलं.

"धुरा एकच हाय म्हने."

"पाह्य!" रामाजी विळा खाली ठेवून म्हणाला. "मी काय सांगून राह्यलो तीस वर्षांपासून?"

घरी मथुराबाई ओट्यावर लसूण निवडत होत्या. चंपतराव शेजारी बसले. आपण काय सांगणार आहोत ते त्यांनी मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि मग जसं ऐकलं तसंच सांगितलं. जुनीच जात निघाली. नवीन नाही. आपली पोर चुकली होती.

मथुराबाईंनी लसणाच्या पाकळ्या एका बाजूला केल्या.

"जुनी म्हंजे? त्याच्यासारखे आनखी हायेत?"

"लय हायेत म्हने. भिंतीच्या भिंती. आन् कपाटातबी हायेत."

"म्हंजे ते एकटं नाही."

"नाही."

"मंग चुकली तं चुकली," मथुराबाई म्हणाल्या. "मले तेच लागून राह्यलं होतं. सात बहिनी आपल्या आपल्यात, आन् हे आठवं कोठचं कोन." त्या उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बशीसह कप नवऱ्यापुढे ठेवून पुन्हा लसणाशी बसल्या. खाली मान घालून निवडत होत्या, पण हात सावकाश चालत होता.

चंपतरावांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. पुन्हा उचलला आणि आणखी एक घोट घेतला.

"अवं, साखर कमी हाय यात."

"हाय का?" मथुराबाई म्हणाल्या. वर पाहिलं नाही. "डबा तिथं चुलीमागं हाय. घ्या."

चंपतराव उठून डबा आणायला गेले.